पोथीमागचं शेत

इनामाच्या सनदा वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो: पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांचं पोट कुणाच्या शेतावर चालायचं? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मला फार लांब, इंग्लंडातल्या बीडकडे सापडलं. (मराठवाड्यातलं बीड नव्हे, हे माणसाचं नाव!)

बीड (इ.स. ६७३–७३५) हा उत्तर इंग्लंडमधल्या वेअरमथ-जॅरो या जोडमठातला संन्यासी. सातव्या वर्षी घरच्यांनी त्याला मठात सोपवलं, आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. बायबलच्या एकेका भागावर त्याने भाष्यं लिहिली. विद्यार्थ्यांना लॅटिन यावं म्हणून छंदशास्त्राचं पुस्तकही केलं. त्यात आपल्या वृत्तांसारखाच लघु-गुरूंचा हिशेब आहे आणि उदाहरणांत ख्रिस्ती कवींच्या जोडीला व्हर्जिलही आहे.

पण ही विद्या उभी होती जमिनीवर. राजा एक्गफ्रिथने वेअरमथला ७० आणि जॅरोला ४० कुटुंबांची जमीन दिली होती. तेव्हाचं मोजमापच तसं: एक कुटुंब पोसेल एवढी जमीन म्हणजे एक माप. बीडने आपल्या मठाधिपतींची चरित्रं लिहिली, त्यात ईस्टरवाइन भेटतो. मूळचा राजाचा सरदार, पण मठात तो मळणी करी, धान्य उफणी, गायी-मेंढ्यांच्या धारा काढी, वेळ आली तर नांगराचं रुमणंही धरी.

गोठ्याचा आणि ग्रंथाचा संबंध तर थेटच. याच मठात इ.स. ७१६ पूर्वी संपूर्ण लॅटिन बायबलच्या तीन मोठ्या पोथ्या तयार झाल्या. त्यांतली अखंड उरलेली एक, कोडेक्स अमियाटिनस, आज फ्लॉरेन्समध्ये आहे. पानं १,०३०, सगळी कातड्याची. एका वासराच्या कातड्यातून अशी दोनच पानं निघतात. म्हणजे एका पोथीला पाचशेच्या वर वासरं! कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून वाळवायचं, मग कुठे लेखणी टेकायची.

उलटा व्यवहारही झाला. पुढचा राजा अल्डफ्रिथ याने सृष्टिवर्णनाचा एक देखणा ग्रंथ मठाकडून घेतला आणि बदल्यात ८ कुटुंबांची जमीन दिली. जमिनीतून पोथी, पोथीतून पुन्हा जमीन.

बीडचं नाव तेराशे वर्षं टिकलं. त्या वासरांमागे धावणाऱ्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. आता सनद हाती आली की मी इनामदाराच्या नावापाशी थांबत नाही. ती जमीन कसत कोण होतं, तेही शोधतो. तुमच्या घरी जुने कागद असतील तर तुम्हीही बघा.