थकबाकीचा पैसा घरात आला, आता पुढे?

आपल्या वस्तीत लॉटरी लागलेली माणसे शोधूनही सापडणार नाहीत. तरीही कधी ना कधी कामगाराच्या घरात एकदम दोन-चार लाख रुपये येतात. वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्याचा निकाल लागून थकबाकी मिळते. कुणी निवृत्त होतो आणि फंड, ग्रॅच्युइटी हाती पडते. कुणाची गावाकडची जमीन रस्त्यात जाते. शेजारीपाजारी म्हणतात, घबाड मिळाले!

हा शब्दच चुकीचा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्याचा हक्क मिळाला. कचरा उचलणारे हे कामगार बहुसंख्येने दलित, आणि त्यामागे युनियनचा दीर्घ लढा होता. असे लढून हाती येणारी रक्कम नशिबाची नसते. ती आपल्याच घामाची, दुसऱ्याने अडवून ठेवलेली मजुरी असते. हे पक्के ध्यानात असले की ती उधळताना हात आपोआप आखडतो.

पैसा आल्याची बातमी पासबुकात नोंद होण्याआधी गल्लीत पोचते. पहिल्या आठवड्यात मोटारसायकलवाला येतो, विम्याचा एजंट येतो, ‘वर्षात दुप्पट’वाला दूरचा पाहुणा येतो. नेहमीचे दोस्त ‘पार्टी’ मागतात. या सगळ्यांना एकच उत्तर द्यावे: घरात अजून बोलणे व्हायचे आहे. आणि ते बोलणे खरेच व्हावे. नवरा-बायको, कळत्या वयाची मुलगी, मुलगा यांनी एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसावे. टी.व्ही. बंद ठेवावा.

कागदावर पहिल्या ओळीत कर्ज लिहावे. समजा, थकबाकीचे ४ लाख आले आणि सावकाराचे ६० हजार देणे आहे. शेकडा ५ रुपये महिना हा दर आपल्याकडे अनेकांना ‘चालू भाव’ वाटतो. त्या दराने महिन्याला ३ हजार आणि वर्षाला ३६ हजार रुपये नुसत्या व्याजात जातात. तेच ६० हजार शेकडा ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ४,२०० रुपये मिळतील. एकीकडे ३६ हजार द्यायचे आणि दुसरीकडे ४,२०० घ्यायचे, याला बचत म्हणत नाहीत. सावकाराचे देणे आधी फेडावे. फेडताना दोन साक्षीदार न्यावेत, पावती घ्यावी आणि त्याच्याकडे अडकलेले कोरे चेक, सही केलेले स्टॅम्पपेपर, एटीएम कार्ड त्याच बैठकीत परत घ्यावे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, हे त्यालाही ठाऊक असते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ‘अनण सुख’ म्हणजे कुणाचे थोडे वा फार देणे नसल्याचे सुख आहे. अनाथपिंडिक तर श्रावस्तीचा धनाढ्य श्रेष्ठी. पण या सुखाची खरी किंमत पगाराच्या दिवशी गेटवर सावकार उभा असलेल्या कामगारालाच कळते.

उरलेल्या रकमेचे काय? सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. आमच्या मते पगारदार घरात धंदा म्हणजे मुलांचे शिक्षण. मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते आणि मुलाचे लग्न ठरले आहे, असा पेच अनेक घरांत असतो. बहुतेक वेळा लग्न जिंकते. हॉल, डीजे आणि मानपानात दोन लाख एका रात्रीत जातात. मंगल परिणय विहारात पन्नास माणसांत लागतो, याचना होते, वधूवर प्रतिज्ञा घेतात, त्यात उणे काही राहत नाही. कॉलेजची फी मात्र ठरल्या तारखेलाच भरावी लागते. शिष्यवृत्ती मिळते, पण बऱ्याचदा उशिरा. तोवर वसतिगृह, पुस्तके, प्रवास यांसाठी पैसा घरातच लागतो. अशा वेळी आम्ही मुलीच्या बाजूने कौल देऊ.

राखीव भाग कुठे ठेवावा, हा प्रश्न लहान नाही. पोस्ट किंवा राष्ट्रीयीकृत बँक बरी. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर २०२० पासून बँकेतील ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पण गल्लीतल्या पतपेढीला हे संरक्षण नाही. पाटी सारखीच दिसते, म्हणून विचारून घ्यावे.

भाऊ मागायला येतो तेव्हा सगळ्यांत अवघड जाते. त्याला नाही म्हणवत नाही, आणि कधी म्हणूही नये. पण द्यायचे ते ‘दिले’ असे समजून, झेपेल तेवढेच द्यावे. उसने म्हणून दिलेल्या मोठ्या रकमेने पैसाही जातो आणि भाऊही. धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याबद्दल बाबासाहेब १९५६ साली नागपुरात बोलले होते. चार लाखांचा विसावा हिस्सा वीस हजार होतो. कर्ज फेडल्यावर तो द्यावा, वस्तीतल्या अभ्यासिकेला दिला तर फारच चांगले.

आणि खाते एकट्या कर्त्याच्या नावावर ठेवू नये. बायकोचे नाव जोडावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीने. वारस नेमणुकीचा अर्जही त्याच दिवशी भरावा. काउंटरवरचा बाबू ‘नंतर भरा’ म्हणाला तरी तिथेच उभे राहून भरावा आणि त्याची पोच पासबुकात ठेवावी.