मानवतचे हत्याकांड आणि ‘आक्रीत’

‘आक्रीत’ हा १९८१ सालचा मराठी चित्रपट परभणी जिल्ह्यातील मानवतच्या हत्याकांडावर बेतलेला आहे. नोव्हेंबर १९७२ पासून वर्षभराहून थोड्या अधिक काळात मानवत परिसरात एकामागून एक खून झाले. बळींमध्ये कोवळ्या मुलीही होत्या. गुप्तधन आणि संततीच्या हव्यासापायी दिलेले हे नरबळी असल्याचे तपासातून पुढे आले. हा तपास मुंबई गुन्हे शाखेतील अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केला.

अमोल पालेकर यांचे हे पहिले चित्रपट-दिग्दर्शन. पटकथा विजय तेंडुलकरांची. ‘रजनीगंधा’ आणि ‘गोलमाल’मधला साधा, सज्जन नायक म्हणून घराघरांत पोहोचलेल्या पालेकरांनी इथे मुकुटराव हा क्रूर, सत्तांध गावपुढारी साकारला. स्वतःची लोकप्रिय प्रतिमा अशी मोडून काढायला मोठे धैर्य लागते. मुकुटरावाची रखेल रुही चित्रा पालेकर यांनी उभी केली. खुनी कोण, हे कोडे चित्रपट घालत नाही. पैसा, वासना आणि अंधश्रद्धा एकत्र आल्यावर माणसे कशी वागतात, ते दाखवतो. चित्रपटाचे खरे बळ इथेच आहे. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात व्हायला मात्र २०१३ साल उजाडले, तेही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. मानवतच्याच हत्याकांडावरील ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका २०२४ मध्ये आली. तिचे दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे आहे.