रिकाम्या टाकीतील जैविक गाळणीची निगा

समुद्रकिनाऱ्यावरील मत्स्यबीज केंद्रांत खारे पाणी पुन्हा पुन्हा वापरता यावे म्हणून जैविक गाळणी बसवितात. अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात गोड्या पाण्याच्या टाकीत मासे वाढविणाऱ्या शेतकऱ्यासही हीच गाळणी उपयोगी पडते. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा संचांसाठी अर्थसाह्याची तरतूद करण्यात आली.

मात्र मासे विकल्यावर टाकीबरोबर गाळणीही धुऊन उन्हात वाळविली, तर पुढील खेपेचे मत्स्यबीज दगावण्याचा संभव असतो. गाळणी ही जिवाणूंची जिवंत वस्ती होय. शेतात घातलेल्या अमोनियम सल्फेटचे जमिनीतील जिवाणू जसे नायट्रेट बनवितात, तसेच गाळणीतील जिवाणू माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांस घातकच. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी असते. ही वस्ती नव्याने वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही अधिक.

म्हणून दोन खेपांच्या मधल्या काळात पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

1. पाण्याचा प्रवाह व हवा चालू ठेवावी. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपून जिवाणू मरतात.

2. गाळणीतील माध्यम संचातल्याच पाण्यात हलके विसळावे. ब्लीचिंग पावडर लावू नये.

3. मासे नसताना जिवाणूंस अन्न म्हणून दर 1,000 लिटर पाण्यास सुमारे 4 ग्रॅम शुद्ध नवसागर द्यावा. त्यातून लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम नत्र मिळते. पहिला अमोनिया संपल्याचे तपासूनच पुढील मात्रा द्यावी.

4. या क्रियेत पाण्याची क्षारता खर्च होते. सामू 7 च्या खाली उतरू लागल्यास खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा.

5. खाऱ्या पाण्याच्या संचात बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरावी. कारण पाणी उडून जाते, मीठ मागे राहते.

मागील खेपेत रोग आला असल्यास मात्र गाळणी राखण्याचा मोह धरू नये. संपूर्ण संच निर्जंतुक करावा, क्लोरीन पूर्ण निघून गेल्याची खात्री करावी व वस्ती नव्याने वसवावी.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस एक साधी कसोटी समजावून द्यावी. बीज आणण्यापूर्वी नवसागराची मात्रा देऊन 24 तासांनी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही जवळजवळ शून्यावर आले, तरच बीजाची मागणी नोंदवावी आणि तेही प्रथम थोडेच सोडावे. तपासणीचा खर्च अल्प आहे. मेलेल्या बीजाची किंमत मात्र भरून निघत नाही.