कोच ऑनलाइन, घाम ऑफलाइन!

व्हॉट्सअॅपवर डाएट, झूमवर सूर्यनमस्कार, यूपीआयवर फी... फिटनेसचं दुकान मोबाइलमध्ये शिरलं त्याला आता काही वर्षं झाली. पण आजऱ्यासारख्या गावातल्या ट्रेनरने ऑनलाइन जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मागे राहणाऱ्या हॉलचं काय?

सकाळी सहाचा अलार्म, सव्वासहाला स्नूझ, साडेसहाला ‘उद्यापासून नक्की!’ ओळखीचं वाटतंय ना? जिमची वर्षाची फी भरून पंधरा दिवसांत गायब होणाऱ्यांची जमात आपल्या ऑफिसात कमी नाही. अशा सगळ्यांसाठी ऑनलाइन कोच म्हणजे वरदान. ट्रॅफिक नाही, पार्किंग नाही, आरशासमोर डोले दाखवणारा शेजारी नाही. बेडरूममध्ये चटई टाकली की झालं!

हे सगळं हौसेने सुरू झालं नाही, हे मात्र आपण विसरतो. मार्च २०२० मध्ये जिमना कुलपं लागली. महाराष्ट्रात ती उघडली थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० रोजी. सात महिने! एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा लागली. ज्यांची फी महिन्याच्या महिन्याला यायची आणि हॉलचं भाडंही महिन्याच्या महिन्याला जायचं, त्या ट्रेनरमंडळींनी फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि ‘आवाज येतोय का?’ म्हणत क्लास सुरू केले. नाइलाज होता. नंतर त्याचाच बिझनेस झाला.

आजरा कनेक्शन

आजरा म्हटलं की खवय्यांना आठवतो घमघमणारा घनसाळ तांदूळ. २०१६ मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं. वाचणाऱ्यांना आठवतात ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत. आंबोलीला जाणाऱ्यांना आठवतो वाटेतला चहा. कोल्हापूरपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या या गावात माझी एक मैत्रीण फिटनेसचा क्लास घेते. भाड्याचा हॉल, पहाटेची बॅच, बहुतेक सगळ्या बायका. कुणी शिक्षिका, कुणी दुकान सांभाळणारी, कुणी शेतावरून येणारी. सगळ्या तिला ताई म्हणतात, तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्यासुद्धा!

तिचे पहिले ऑनलाइन विद्यार्थी कुठल्या जाहिरातीमुळे आले नाहीत. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला गेलीत. आधी गिरणीत, मग टॅक्सी, दुकानं, ऑफिसं आणि आता आयटीत. हॉलमधल्या बायकांच्या पुण्या-मुंबईतल्या लेकी-सुना लॉकडाऊनमध्ये तिच्या स्क्रीनवर आल्या. त्यांनी मैत्रिणींना आणलं. ‘आपल्या भाषेत ओरडणारी पाहिजे ना बाई कुणीतरी,’ हे त्यांचं कारण.

आता तिच्यापुढे प्रश्न असा आहे, की हॉल ठेवायचा की सोडायचा? ऑनलाइनवाल्यांना हवी असते तीच पहाटेची वेळ. कमाईही तिकडेच जास्त. पण हॉल सुटला तर त्या बायका काय करणार? घरी सकाळी सहाला त्यांना मोबाइल मिळणार नाही, खोली मिळणार नाही आणि ‘मी व्यायाम करतेय’ म्हणून चहा ठेवायचा राहिला, असंही चालणार नाही. हॉलला येणं हीच त्यांची घराबाहेरची एकमेव हक्काची तासभर सुट्टी.

हे काही नवीन नाही, बॉस!

लांबून व्यायाम शिकवायची हौस महाराष्ट्राला जुनीच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात सूर्यनमस्कारांचा असा काही धडाका लावला, की त्यावर इंग्रजीत पुस्तक निघालं आणि नमस्कार साता समुद्रापार गेले. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, तेव्हा त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केलं. आश्रमात आसनं, प्रयोगशाळेत तपासणी आणि निष्कर्ष पोस्टाने घरपोच! बडोद्याहून मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला, तोही मराठीत आणि दहा खंडांत. म्हणजे ‘कंटेंट’ हा शब्द यायच्या आधीपासून आपल्याकडे कंटेंट होतं.

दीक्षित की दिवेकर?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न घराघरात भांडणं लावत होता. आठवतं? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणणार, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर म्हणणार, उपाशी राहू नका, दर दोन-तीन तासांनी खा, तूप खा, आजी खायची ते खा. कोण बरोबर, तो वाद इथे नको. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. दोघांनीही महाराष्ट्राला ऑनलाइन कोचिंगची चव दाखवली, तीही फुकट!

दीक्षितांची भाषणं यूट्यूबवरून गावोगाव पोहोचली आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅप ग्रुप आले. आधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासा, मग ग्रुपमध्ये या, असा शिस्तीचा कारभार. दिवेकरांनी २००९ मध्ये पुस्तक लिहून नाव कमावलं होतं. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी बारा आठवड्यांचा फिटनेस प्रोजेक्ट फेसबुकवर उघडला. दर आठवड्याला फक्त एकच नियम. पहिला नियम काय, तर दिवसाची सुरुवात केळं, भिजवलेले बदाम किंवा मनुकांनी करा. बस्स!

इथेच ट्रेनरसाठी खरा धडा आहे. नामवंत माणसं माहिती फुकट वाटतायत, मग आजऱ्याच्या ताईला कोण पैसे देणार? उत्तर सोपं आहे. माहितीचे पैसे कुणीच देत नाही. पैसे मिळतात ते लक्ष दिल्याचे. ‘काल का नाही आलीस?’ हा एक मेसेज यूट्यूब पाठवत नाही. ताई पाठवते.

हात न लावता?

पण लक्ष द्यायचं म्हणजे दिसायला तर हवं! योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये आलं, सुमारे सहाशे फोटोंसह. जगभरच्या लोकांनी त्यात बघून आसनं केली. तरीही १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली आणि परदेशातून माणसं तिथे येतच राहिली. कारण त्यांची पद्धत बारकाव्यांची. पाऊल किती वळलंय, खांदा कुठे चढलाय हे शिक्षकाने बघायचं, दोर, पट्टा, वीट, खुर्ची लावून दुरुस्त करायचं. करोनाच्या काळात याच संस्थेनेही ऑनलाइन वर्ग घेतले. जिथे शिकवणं इतकं बारकाईचं, तिथेही स्क्रीन चालली. फक्त शिकवायची पद्धत बदलावी लागते.

काय बदलतं? हात लावून सांगता येत नाही, म्हणून शब्द नेमके लागतात. ‘जरा खाली’ चालत नाही, ‘उजवी टाच जमिनीला टेकव’ असंच म्हणावं लागतं. समोर तोंड करून शिकवताना स्वतःचा डावा हात उचलून ‘उजवा’ म्हणायची सवय करावी लागते. पुढे वाकायचं असेल तर विद्यार्थ्याने कॅमेऱ्याला कूस दाखवायची, नाहीतर पाठीचा बाक दिसतच नाही. आणि पंधरा-वीस चौकोनांच्या पुढे लक्ष ठेवणं निव्वळ अशक्य.

माझी मैत्रीण म्हणते, ‘अगं, हॉलमध्ये बाई दारातून आत आली की तिच्या चालण्यावरून कळतं आज कंबर धरलीय. स्क्रीनवर ती आधीच चटईवर बसलेली असते!’ म्हणून तिने नियम केलाय. ऑनलाइन क्लासची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी खोलीत चालायचं. ती फक्त बघते. भारी ना?

हिशोब मांडू या

समजा, हॉलमध्ये पंचवीस जणी, फी महिना ४०० रुपये. झाले १०,०००. भाडं ३,५०० आणि लाइटबिल ५०० गेलं की हातात उरले ६,०००. आता ऑनलाइन वीस जणी, फी १,०००. झाले २०,०००. इंटरनेट, अॅपची वर्गणी, इन्व्हर्टरचा हप्ता मिळून ३,००० गेले, तरी १७,००० शिल्लक. चित्र झकास!

पण तीन महिन्यांत निम्म्या गळल्या तर? १०,००० वजा ३,००० म्हणजे ७,०००. फिरून जवळपास हॉलच्याच आकड्यावर. सगळा खेळ गळतीचा आहे. हॉलमध्ये शेजारीण हाक मारते, म्हणून बाई येते. ऑनलाइनला ‘कॅमेरा ऑफ’ हे एक बटण पुरतं.

मैत्रिणीने सध्या मधला रस्ता काढलाय. आठवड्यातले तीन दिवस हॉल, तीन दिवस स्क्रीन. हॉलच्या दिवशी फोन स्टँडवर लावलेला असतो. मुंबईची सून आजऱ्यातल्या सासूसोबत त्याच वेळी त्याच स्क्वॉट्स मारते. कमाई पूर्ण ऑनलाइनपेक्षा कमी आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ‘पण ज्यांच्यामुळे सुरू झालं, त्यांनाच कसं बंद म्हणू?’ असं ती म्हणते. यावर एमबीएवाल्यांकडे उत्तर असेल, माझ्याकडे नाही.

ऑनलाइन जायचंय? मग हे बघा!

• झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बंद पडतं. क्लास तेवढ्यात बसवा नाहीतर वर्गणी भरा.

• तुमच्याकडे अपलोडचा वेग महत्त्वाचा, डाउनलोडचा नाही. पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून बॅकअप ठेवा.

• फी महिन्याची नको, तीन महिन्यांची घ्या. गळती कमी होते.

• सुरुवातीलाच दुखणी, ऑपरेशन, बीपी, शुगर, गरोदरपण लिहून घ्या. शंका आली की डॉक्टरांकडे पाठवा. ‘शुगर बरी करते’ असं लिहू नका.

• आरोग्यतज्ज्ञ म्हणून सोशल मीडियावर सल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी, असे केंद्र सरकारचे नियम ऑगस्ट २०२३ पासून आहेत. सर्टिफिकेट असेल तर दाखवा.

• सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. जिम आणि योगकेंद्रांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तुमचा क्लास त्यात बसतो का, हे सीएला विचारा.

आणि दोस्तांनो, तुम्ही फी भरणाऱ्यांपैकी असाल तर एकच काम करा. कॅमेरा ऑन ठेवा! पलीकडे कुणीतरी पहाटे पाचला उठून तुमच्या टाचा बघत बसलंय. बाकी घाम तुमचा तुम्हालाच गाळायचाय. तो अजून तरी डाउनलोड होत नाही!