तांडेल इथलेही, तांडेल तिथलेही!

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, वैतरणेच्या मुखाशी उभं राहून उत्तरेकडे बघा. डहाणूच्या पुढे गुजरात सुरू होतो, भाषा बदलते, पण 'तांडेल' हे आडनाव मात्र संपत नाही. वलसाड, दमणच्या मच्छीमारांत तेच 'टंडेल' म्हणून भेटतं. कुणी विचारतं, "मग हे सगळे भाऊबंद का?" तसंच असेल असं नाही! तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख. हुद्द्याचंच पुढे आडनाव झालं. इंग्रजांच्या जहाजांवर खलाशांच्या मुकादमाला 'टिंडल' म्हणत, तोही याच शब्दाचा भाऊ. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख असेच हुद्द्यांवरून आले, म्हणून तर एकच आडनाव अनेक जातींत दिसतं.

आता देशाची सीमा ओलांडणाऱ्या आडनावांची गंमत बघा. व्हिएतनामचे 'त्रन' आणि चीनचे 'छन' लिहायचे एकाच चिनी अक्षराने. 'होआंग' आणि 'ह्वांग' यांचंही तेच. व्हिएतनामवर साधारण हजार वर्षं, इ.स. 938 पर्यंत, चिनी सत्ता होती. लिपीबरोबर आडनावंही रुजली. तिथेही आडनाव एक म्हणून रक्त एक, असं धरता येत नाही.

तुमच्या गावात सीमेपलीकडचं कुठलं आडनाव आहे? कमेंटमध्ये लिहा.