डिस्क आहे, गेम नाही
(लेखमाला : पडद्यावरचे खेळ, भाग सहावा)

‘द क्रू’ या गेममध्ये न्यूयॉर्कहून निघालेली गाडी पाऊण-एक तासात लॉस एंजेलिसला पोहोचायची. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओने अख्खी अमेरिका आटवून एका नकाशात बसवली होती. हमरस्ता सोडून शेतातून, वाळवंटातून, बर्फातून गाडी हवी तशी दामटता यायची. युबिसॉफ्टने हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले.

त्या दिवसापासून तो कुणालाच खेळता येईना. ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती, त्यांनाही नाही.

याचे कारण गेमच्या रचनेत आहे. एकट्याने खेळायचे म्हटले, तरी ‘द क्रू’ सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरशी बोलायचा आणि त्याच्याशिवाय पुढे सरकायचा नाही. सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या मर्यादा अशी दोन कारणे युबिसॉफ्टने दिली. पुढे काही दिवसांतच अनेकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेतला गेला.

परवान्याचा मुद्दा खोटा नाही. रेसिंग गेममधल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या असतात, गाणी खऱ्या गायकांची असतात आणि त्यांचे करार ठरावीक वर्षांचे असतात. ‘फोर्झा होरायझन ४’ हा २०१८ चा लोकप्रिय गेम याच कारणाने डिसेंबर २०२४ मध्ये दुकानांतून उतरवला गेला. मात्र ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांच्याकडे तो आजही चालतो. करार संपला म्हणून विक्री थांबणे वेगळे आणि विकलेली वस्तू निकामी करणे वेगळे. या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, तेव्हा ग्राहकाने सावध व्हायला हवे.

काही गेमच्या बाबतीत तर मालक कोण, हेच कुणी छातीठोकपणे सांगत नाही. ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’ हे त्याचे ठळक उदाहरण. २००० साली आलेल्या या गेमची नायिका केट आर्चर ही साठच्या दशकातली गुप्तहेर. संवाद चुरचुरीत, लिखाण हुशार आणि त्या काळच्या बंदूकबाजीच्या गेममध्ये दुर्मीळ अशी स्त्री नायिका. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. गेम बनवला मोनोलिथने आणि प्रकाशित केला फॉक्स इंटरॅक्टिव्हने. पुढे फॉक्स इंटरॅक्टिव्ह विव्हेंडीकडे गेली, विव्हेंडीचा गेम विभाग ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला आणि मोनोलिथ वॉर्नरने विकत घेतला. जुने गेम नव्या संगणकांवर आणणाऱ्या नाइटडाइव्ह या कंपनीने २०१४ च्या सुमारास ॲक्टिव्हिजन, वॉर्नर आणि फॉक्स या तिघांचे उंबरठे झिजवले. आपल्याकडे नेमके कोणते हक्क आहेत, याचे स्पष्ट उत्तर तिला मिळाले नाही. ते शोधण्यासाठी जुनी कागदपत्रे उपसायची तयारीही कुणी दाखवली नाही आणि प्रकल्प बारगळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉर्नरने मोनोलिथ स्टुडिओच बंद केला. केट आर्चर आजही कोणत्याही अधिकृत डिजिटल दुकानात मिळत नाही.

हे प्रकार अपवादात्मक नाहीत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. उरलेले १३ टक्के म्हणजे जवळपास मूकपटांइतकेच. अमेरिकन मूक कथापटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ स्वरूपात उरल्याचे तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये नोंदवले होते. मराठी वाचकाला हे दुःख परके नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळेच आज शिल्लक आहेत. पण मूकपटांची नायट्रेट फिल्म जळायची, कुजायची. इथे बहुतेक गेमचे एक अक्षरही कुजलेले नाही. ते कुठे ना कुठे जसेच्या तसे आहेत, फक्त लोकांपर्यंत पोहोचवायची परवानगी नाही.

ग्रंथालयांनी ती परवानगी मागून पाहिली. बाजारातून गेलेले गेम संशोधकांना घरबसल्या अभ्यासता यावेत, एवढीच त्यांची विनंती होती. गेम उद्योगाच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने विनंती फेटाळली. अभ्यासकाने आजही प्रवास करून त्या ग्रंथालयातच जायचे. दुकानात न मिळणाऱ्या वस्तूच्या विक्रीचे नुकसान कसे होते, याचे पटेल असे उत्तर या निर्णयात सापडत नाही.

ग्राहकांच्या बाजूने मोठी हालचाल झाली ती युरोपात. पोलंडमध्ये राहणारा अमेरिकन यूट्यूबर रॉस स्कॉट याने ‘द क्रू’चे निमित्त करून एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली. युरोपीय महासंघाकडे जाणाऱ्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून कितीतरी जास्त सह्या जमल्या. मागणी माफक आहे. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे कुणी म्हणत नाही. कंपनीने पाठिंबा थांबवताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढेच. खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर सुरक्षा आणि कायदेशीर जबाबदारी कुणाची, असा उद्योगाचा प्रतिवाद आहे. शेकडो खेळाडू एकाच वेळी खेळतात अशा गेमबाबत तो प्रश्न रास्त आहे. एकट्याने गाडी हाकण्यापुरता मात्र तो लागू पडत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. डिजिटल वस्तूवर ‘खरेदी करा’ असे बटण ठेवणाऱ्या दुकानाने, ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना, हे स्पष्ट सांगायला हवे. गेम वाचवण्याची सक्ती त्यात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याची घोषणा केली आणि पुढे ती दिलीही. म्हणजे तंत्राची अडचण पार करता येण्याजोगी होती. पहिल्या गेमला तो लाभ मिळाला नाही. त्याच्या चाहत्यांनी सर्व्हरची भाषा उलगडून स्वतःचा पर्यायी सर्व्हर लिहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘द क्रू अनलिमिटेड’ या नावाने तो सर्वांसाठी खुला केला. अशा कामाला कायदा काय म्हणतो आणि एम्युलेटर बनवणाऱ्यांवर कोणते खटले झाले, ते पुढच्या भागात.