सहावी-सातवीचा वर्ग: एका दशकाचा मागोवा

यंदा जूनमध्ये आमच्या शाळेतले सहावी-सातवीचे वर्ग गेले. ठराव झाला नाही, कुणी कुलूप लावलं नाही. संचमान्यतेच्या कागदावर शिक्षकाच्या रकान्यात शून्य आलं, मी अतिरिक्त ठरले आणि समायोजनाचा आदेश हातात पडला. सहावी ते आठवीच्या गटाचा पट 20 पेक्षा कमी असेल तर तिथे शिक्षकाचं पद नाही, असं 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ठरवलं. आमच्या वाडीचा पट त्यात बसला नाही. पोरं आता शेजारच्या मोठ्या गावात जातात, मी दुसऱ्या केंद्रात.

मुलं तिथेही शिकतील, अशी समजूत सगळेच घालतात. शिकतीलच. पण माण तालुक्यातल्या या छोट्या वर्गात मधली काही वर्षं जे शिक्षण झालं, त्याची नोंद ना सरल पोर्टलवर आहे, ना शाळेच्या दप्तरी. म्हणून ती इथे करते.

आधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिक्षणसेवक म्हणून 3000 रुपये मानधनावर लागले, तेव्हा पाठ, स्वाध्याय, घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक हे चाक ठरलेलं होतं. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुलं व्हायची. सातवीला स्कॉलरशिप असायची. त्यासाठी निवडक मुलांचे जादा तास घ्यायचे आणि बाकीच्यांनी शेजारी बसून शुद्धलेखन लिहायचं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 पासून ‘सृजन आनंद’मध्ये मुलांच्या प्रश्नांवर उभं राहिलेलं शिक्षण करून दाखवलं होतं. डी.एड.ला आम्हाला त्यांचं नाव माहीत होतं, ते टीप लिहिण्यापुरतं.

1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची तंत्रं ठरवून दिली गेली: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. पाचवी-सहावीला निम्मे गुण आकारिक आणि निम्मे संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. सातवी-आठवीला आकारिक 40, संकलित 60. शिक्षक खोल्यांमध्ये कुरकुर झाली, आणि तिला कारणही होतं, कारण नोंदवह्यांचा ढीग वाढला. पण माझ्यासारख्यांना त्या आदेशात दुसरंच काही दिसलं. मूल वर्गाबाहेर जाऊन काही शोधून आलं तर त्याला गुण देण्याची मुभा पहिल्यांदाच सरकारी कागदावर मिळाली होती. तोवर असं काही केलं की ‘अभ्यासक्रम कधी पुरा करणार?’ हा प्रश्न ठरलेला असायचा.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी माणसं खूश होतात. 2012 साली तोही पडला नाही. गुरं चारा छावणीत गेली. वर्गातली काही मुलं आई-वडिलांबरोबर तिकडेच राहायला गेली, मुली टँकरच्या रांगेत घागरी धरून उभ्या. अशा वर्षी भूगोलाच्या पुस्तकातला जलसंधारणाचा धडा नुसता वाचून दाखवणं मला जमेना. ‘आपल्या गावात पाणी किती आहे?’ हा सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग मुलांनीच मोजायचं ठरवलं.

साहित्य म्हणजे सुतळी, तिच्या टोकाला दगड आणि दर अर्ध्या मीटरवर एक गाठ. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या आधी, गट पाडून निघायचं. कठडा नसलेल्या विहिरीवर मालक स्वतः सुतळी सोडायचा. मुलं लांब उभी राहून गाठी मोजायची आणि उरलेली लांबी पट्टीने घ्यायची. काठापासून पाणी किती खोल, एवढीच नोंद. पहिल्याच महिन्यात वर्गात भांडण लागलं. एका विहिरीचं पाणी 4.5 मीटरवर होतं, दुसरीचं 4.35 वर. दुसरी विहीर जास्त खोल गेली, असं एका मुलाचं ठाम म्हणणं. 35 हे 5 पेक्षा मोठे नाहीत का? दशांश अपूर्णांकांचा पाठ झाला होता, चाचणीत त्याला गुणही बरे होते. फळ्यावर समजावलं असतं तर त्याने मान डोलावली असती. त्याऐवजी दोन सुतळ्या व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरल्या. तो उकिडवा बसून बराच वेळ दोन्ही टोकांकडे बघत राहिला. मग कुणी न सांगता त्याने वहीत 4.5 च्या पुढे एक शून्य लिहिलं. त्या शून्यात दशांशाचा अख्खा पाठ होता.

आलेख काढताना दुसरा पेच आला. पाणी खाली जाईल तसा स्तंभ उंच व्हायला लागला. म्हणजे उन्हाळ्यात आलेख चढतो आणि पावसाळ्यात उतरतो. मुलांना हे पटेना. एका मुलीने आलेख कागद उलटा धरला, शून्य वर घेतलं आणि स्तंभ खाली सोडले. आता प्रत्येक स्तंभ विहिरीसारखा खाली उतरत गेला आणि बघणाऱ्याला क्षणात कळलं. पुस्तकात स्तंभालेख वरच जातात. हिने तो गावच्या गरजेप्रमाणे फिरवला. अनुभवाची मांडणी स्वतः करणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं.

एका शेतकऱ्याने मोजू दिलं नाही. ‘आज पोरं मोजतील, उद्या तलाठी येईल,’ म्हणाला. मुलांनी बसून चर्चा केली आणि तक्त्यावरून सगळ्यांचीच नावं काढली. विहिरींना क्रमांक दिले. पुढच्या महिन्यात तोच शेतकरी आपणहून बोलवायला आला. माहिती गोळा करणाऱ्याने माहिती देणाऱ्याला जपायचं असतं, ही गोष्ट मोठे अधिकारीही विसरतात. अकरा-बारा वर्षांच्या पोरांनी ती स्वतःहून शोधली.

वर्षभराच्या नोंदींतून दिसलं की नालाबांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरी वरच्या विहिरींपेक्षा उशिरा आटतात. गावाला ते अंदाजाने ठाऊक होतं, पण आकड्यात कुणी मांडलं नव्हतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी तो उलटा आलेख धरून दाखवला आणि गावकऱ्यांनी त्यावर वाद घातला. कौतुक करून टाळ्या वाजवण्यापेक्षा तो वाद मला मोलाचा वाटला, कारण मुलांचं काम मोठ्यांनी वादाच्या लायकीचं मानलं होतं. 2017 मध्ये जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा माणमध्ये आली, समतल चर कुठे खणायचे याची बोलणी पारावर सुरू झाली, तेव्हा शाळेतल्या जुन्या वह्या मागायला माणसं आली.

त्या वर्षांत असं बरंच झालं. आठवडी बाजारात एकाच भाजीचे सकाळचे आणि संध्याकाळचे भाव नोंदवून सहावीने सरासरी आणि शेकडेवारी शिकून घेतली. धनगरवाड्यावरच्या मुलांनी मेंढरांच्या रंगांवरून, शिंगांवरून, कानांवरून पडलेली नावं आजोबांना विचारून जमवली आणि मराठीच्या तासाला त्यांचा कोश केला. वर्गात तोवर गप्प बसणारी ही मुलं त्या महिन्यात सगळ्यांची गुरू होती. जात्यावरच्या ओव्या उतरवून घेताना एका आजीने मुलांच्या हातातली वही घेऊन ‘माझं नाव लिहिलंस का?’ असं विचारलं. 2015 ला पाचवीची, 2016 ला सहावीची आणि 2017 ला सातवीची नवी पुस्तकं आली. त्यांतही ‘करून पहा’, ‘शोध घ्या’ अशा चौकटी होत्या. पुस्तक आणि वर्ग एकाच दिशेने चालले आहेत, असं मला माझ्या नोकरीत तेवढ्याच काळात वाटलं.

हे बिघडलं कसं, तेही स्पष्ट लिहिलं पाहिजे.

पहिला घाला पुस्तकांच्या दुकानातून आला. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं विकायला लागली. ‘प्रकल्पात रस घेतो’, ‘गटात सहकार्य करते’ अशी वाक्यं उतरवली की नोंदवही भरली. त्याच दुकानात प्रकल्पही मिळू लागला: छापील चित्रं, तयार मथळे, प्लॅस्टिकची फाइल. शहरातल्या शाळांची कथा तर आणखी वाईट. तिथे आई-बाप रात्री जागून ज्वालामुखी आणि सूर्यमाला तयार करतात आणि मूल सकाळी ती रिक्षातून नेतं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तरी ही पद्धत काही थांबली नाही.

दुसरा घाला वरून आला. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं मोठं काम उभं केलं होतं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय निघाला. त्यामागची इच्छा चांगली होती, हे मी आजही मानते. पण अनेक तालुक्यांत त्याचा अर्थ फरशी रंगवणं एवढाच घेतला गेला. कुमठ्यातल्या शिक्षकांनी मुलांचं बारकाईने ऐकलं होतं. ते ऐकणं रंगाच्या डब्यातून येत नाही. आमच्या शाळेला भेट द्यायला आलेल्या एका साहेबांनी विहिरींच्या वह्या चाळल्या नाहीत. ‘प्रकल्पाची फाइल कुठंय? फोटो अपलोड केला का?’ एवढंच विचारलं आणि शेरेबहीत ‘दर्शनी भाग आकर्षक करावा’ असं लिहून गेले. तो शेरा मला अजून खुपतो. मुलीने उलटा काढलेला आलेख त्यांच्या समोरच भिंतीवर होता.

मग ॲप आली, एकामागून एक. पोषण आहाराची माहिती, यू-डायस, शाळासिद्धी, वृक्षारोपणाचे फोटो, वाचनाचे फोटो, ‘सुंदर शाळे’चे फोटो, निरक्षरांचं सर्वेक्षण. दुपारनंतरचे दोन तास, ज्यात मुलं बाहेरून आणलेल्या नोंदी मांडायची, ते माहिती भरण्यात जाऊ लागले. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. बाकीची कामं ‘शैक्षणिक’ ठरवून त्या कलमाला रोज बगल दिली जाते. राज्यात मे 2012 पासून भरती थांबली ती कित्येक वर्षं सुरळीत झाली नाही. एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग आले की पहिला बळी जातो तो वर्गाबाहेरच्या कामाचा, कारण अर्ध्या मुलांना विहिरीवर नेलं तर उरलेल्या अर्ध्यांजवळ कोण थांबणार?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. परत उघडल्या तेव्हा मुलं वाचन विसरलेली होती, सगळा जोर मूलभूत क्षमतांवर गेला आणि तो जायलाच हवा होता. पण नंतर कुणी प्रकल्पाकडे वळून पाहिलं नाही. नियतकालिक चाचण्या आल्या, 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास करण्याची तरतूद परत आली. ‘ढकलपास’मुळे मुलं बिघडली, असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांना आनंद झाला. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आकारिक मूल्यमापन कधी नीट राबवलंच गेलं नाही. शिक्षक दिले नाहीत, वेळ दिला नाही, तयार नोंदींची पुस्तकं खपू दिली आणि मग पद्धतच अपयशी ठरवली. चार-पाच वर्षं जिथे ती मनापासून राबवली गेली, तिथे मुलं परीक्षेतही मागे पडली नाहीत. दशांश समजलेलं मूल प्रश्नपत्रिकेतला दशांशही सोडवतं.

आणि आता वर्गच जात आहेत. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असं कायद्याचा नियम म्हणतो. त्याच कायद्याने या वर्गांना विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी प्रत्येकी शिक्षक कबूल केला. पटाच्या हिशोबात हे दोन्ही मागे पडलं. वाडीतली मुलं मोठ्या गावात जातात, मुली किती दिवस जातील याची मला धास्ती आहे. पावसाळ्यात ओढा आला की त्या घरी राहतात आणि सातवीनंतर घरीच राहणाऱ्या मुली या तालुक्यात मी पाहिल्या आहेत. अकरा ते तेरा या वयात मूल ‘असं का?’ हा प्रश्न पुराव्यासकट विचारायला शिकतं. त्याआधी ते लहान असतं, त्यानंतर दहावीची धास्ती सुरू होते. मधल्या या दोन-तीन वर्षांतच आपण शिक्षक काढून घेत आहोत.

मला जुने दिवस परत नको आहेत. त्या दशकातही सगळं चांगलं नव्हतं, आमच्यासारखे वर्ग तुरळकच होते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोरडवाहू गावात, खर्च न करता असं शिक्षण होऊ शकतं, एवढं त्या काळाने सिद्ध केलं आहे. त्याला एक सुतळी, महिन्यातून एक मोकळी सकाळ आणि मुलांचे प्रश्न ऐकायला वेळ असलेला शिक्षक लागतो. पहिल्या दोन गोष्टी आजही आहेत.

तिसरी मागण्याचा हक्क पालकांचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे कायद्याने दिलेलं बळ आहे. या महिन्याच्या बैठकीत रंगकाम आणि गणवेश हे विषय संपले की दोन ठराव मांडा: सहावी-सातवीला पूर्णवेळ शिक्षक द्या, आणि शाळेच्या वेळात त्याच्याकडून माहिती भरून घेणं थांबवा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत दर बैठकीत तोच विषय परत घ्या.